उलटा करून दाखव

आईला व्हिडिओ कॉलवर तो ब्रोच दाखवला तेव्हा ती पहिलं काय म्हणाली असेल, तर "उलटा करून दाखव." रंग छान आहे, कितीला घेतलास, कुठे मिरवायचाय तुला, यातलं काही नाही. आमच्या घरात दागिना असाच बघतात, आधी मागून. पुढून काय सगळेच चमकतात, सोनाराचा हात मागच्या बाजूला कळतो असं आज्जी म्हणायची, आणि कोल्हापुरात गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, पेढीवर जाऊन बसली की समोर आलेला प्रत्येक दागिना पालथा करून, चष्मा कपाळावर चढवून, अगदी डोळ्याला लावून बघायची. तर मी उलटा केला. मागे सोन्याच्या बारीक कडेत बसवलेली अंगठ्याच्या नखाएवढी काच, आणि काचेखाली चटईसारखं काहीतरी विणलेलं. आईने तिकडे फोन जवळ घेतला, म्हणजे मला फक्त तिचं कपाळ दिसायला लागलं. "ते काय, रेशीम आहे का गं?" म्हटलं, केस आहेत. "कुणाचे?" म्हटलं काय माहीत, गेलेल्या कुणाचे तरी असणार, दीडशे वर्षं तरी झाली असतील. कपाळ बराच वेळ हललं नाही, मला वाटलं नेटवर्क गेलं. मग आवाज आला, "आधी ते खाली ठेव आणि हात धुऊन ये."

मी गेले आणि हात धुऊन आले.

सत्तेचाळीस वर्षांची बाई, बर्मिंगहॅममधल्या स्वतःच्या किचनमध्ये, नोव्हेंबरच्या थंडीत, कोपरापर्यंत साबण लावून. फोन बंद झाल्यावर स्वतःचंच हसू आलं, पण ते पुरतं हसूही नव्हतं, कारण ब्रोच परत हातात घ्यायच्या आधी मी टिश्यू पेपर शोधला. त्या गोष्टीला महिना होऊन गेला तरी ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

घेतला तो एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजारात. असे बाजार इथे खूप, ओल्या कोटांचा आणि दुधाळ चहाचा वास, फोल्डिंग टेबलांवर काटे-चमचे, फुटक्या कपांच्या बश्या, कुणाच्या तरी आजोबांची मेडल्स. मी टाइमपास म्हणून जाते. एका म्हाताऱ्या बाईच्या मखमली ट्रेमध्ये हा होता, लंबगोल, मधोमध बोराएवढा गार्नेटचा खडा. पैलू नाहीत, घुमटासारखा गुळगुळीत घासलेला, अशा खड्याला इकडे कार्बंकल म्हणतात. नुसता ठेवला तर जवळजवळ काळाच दिसतो, पण दिव्याखाली वळवला की आतून पेटतो, पिकल्या जांभळाचा रस बोटांना लागतो ना, साधारण त्या रंगात. हा रंग असाच नाही येत बरं का. आल्मंडाइन जातीचा गार्नेट मुळात इतका गडद असतो की जाड ठेवला तर मुका होतो, म्हणून त्याचं पोट मागून वाटीसारखं कोरून काढतात आणि त्याच्या मागे चमकीचा पातळ पत्रा घालतात, म्हणजे पुढून आत गेलेला उजेड पत्र्यावर आपटून परत येतो. आपल्याकडे कुंदनात खड्याखाली घालतात तीच युक्ती. खड्याच्या माथ्यावर कोरून बसवलेला सोन्याचा चिमुकला तारा, ताऱ्यात अर्धे मोती, त्यातला एक पडलेला. कडेला पिळाची तार आणि तिच्या आत रव्यांची ओळ. रवे बघितले आणि मी थांबलेच, कारण आज्जीच्या दागिन्यांवर अस्संच रवाकाम असायचं, सोन्याचे मोहरीपेक्षा बारीक गोळे एकेक चिकटवलेले. हे रवे इथे आले त्याची गोष्ट वेगळी आहे, इटलीत रोमनांच्याही आधीच्या एट्रस्कन लोकांच्या थडग्यांमधून दागिने निघाले, रोमच्या कास्तेल्लानी घराण्याने ते काम परत जमवायचा ध्यास घेतला, आणि १८६० च्या दशकात ती फॅशन लंडनपर्यंत पोचली. म्हणजे तिकडे जे थडग्यातून उकरून शिकावं लागलं ते गुजरीत एखादा सोनार चहा पिता पिता करत होता. असं लिहिताना बरं वाटतं हे कबूल करते.

पिन मात्र ब्रोचपेक्षा लांब, कडेच्या बाहेर चांगली सेंटिमीटरभर डोकावणारी, आणि अडकवायला नुसता इंग्रजी सी अक्षरासारखा उघडा आकडा. तेव्हाचे ब्रोच असेच, पिन लांब ठेवायची म्हणजे टोक परत कापडात खुपसता येतं आणि निसटत नाही. बिजागरीपाशी कुणीतरी कधीतरी शिशाचा डाग देऊन दुरुस्ती केलेली, करडा ठिपका, सोन्याच्या चेहऱ्यावर पॅच मारल्यासारखा. त्या बाईने प्रामाणिकपणे सांगितलं, शिसं आहे, मोती गेलाय, मागे नाव नाही, तारीख नाही, म्हणून स्वस्त, नाव कोरलेलं असतं तर परवडला नसता तुला. १२० पौंड. हॉलमार्क? नाही. ब्रोचवर बऱ्याचदा नसायचाच, पण ॲसिड लावून बघितलंय, १५ कॅरेट.

हे "१५ कॅरेट" आईला सांगितलं तेव्हा (हात धुऊन आल्यावरच्या दुसऱ्या फेरीत) तिने जो चेहरा केला तो बघण्यासारखा होता. "पंधरा? म्हणजे बेंटेक्सच की." आता तिला काय सांगणार की इंग्लंडमध्ये १८५४ साली कायदा करून १५, १२ आणि ९ कॅरेटला अधिकृत मान्यता दिली, आणि ९ कॅरेट म्हणजे हजारात ३७५ भाग सोनं, उरलेलं तांबं-चांदी, तरी त्याला इकडे सोनंच म्हणतात आणि लग्नाच्या अंगठ्या करतात. त्याच्या आसपासच कॅलिफोर्निया आणि ऑस्ट्रेलियात सोनं सापडलं, कारखान्यातल्या कारकुनाच्या, दुकानदाराच्या बायकोलाही ब्रोच परवडायला लागला, आणि हे सगळं धडाधड तयार करायला बर्मिंगहॅम होतंच. आमच्या घरापासून बसने वीस मिनिटांवर ज्युएलरी क्वार्टर आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं होतं लक्ष्मी रोडसारखं काहीतरी झगमगीत असेल, आणि बघते तर लाल विटांच्या बैठ्या इमारती, उत्तरेकडून उजेड यावा म्हणून मोठमोठ्या खिडक्या, एका घरात पाच-पाच कारागिरांच्या खोल्या.

तिथे व्हाइस स्ट्रीटवर एक म्युझियम आहे. स्मिथ अँड पेपर नावाचा कारखाना होता, १८९९ पासूनचा, मालक म्हातारे झाले, वारस नाही, १९८१ मध्ये एके दिवशी कुलूप लावून निघून गेले. आत सगळं तसंच्या तसं. हत्यारं, पगाराचे कागद, चहाचे कप, मार्माइटची बरणी. मी तिथे दोनदा गेलेय आणि दोन्ही वेळा त्या कपांपाशीच अडकले. पण सांगायचं ते वेगळंच. कारागिराच्या टेबलाला पुढून अर्धगोल खाच असते, तो त्या खाचेत पोट घालून बसतो, आणि मांडीवर टेबलाला बांधलेली चामड्याची झोळी. कानस मारताना पडलेला सोन्याचा कीस त्या झोळीत. त्याशिवाय जमीन झाडायची तो कचरा ठेवायचा, हात धुतलेलं पाणी ठेवायचं, कामाचे कपडे सुद्धा शेवटी जाळून त्यातून सोनं काढायचं. आमची गाइड हे मोठ्या कौतुकाने सांगत होती आणि बाकीचे लोक वाव, वाव करत होते, आणि मला डोळ्यांसमोर झारेकरी दिसत होते. सकाळी सहाला गुजरीत दुकानांच्या पायऱ्यांखाली, गटारीच्या कडेला ब्रश आणि पत्र्याची घमेली घेऊन बसलेल्या बायका, धूळ भरायच्या, पाण्यात हलवायच्या, हलवायच्या, हलवायच्या, शेवटी तळाशी काळा गाळ आणि त्यात कधीतरी एक कण. आज्जी आम्हाला हाताला धरून त्यांना वळसा घालून देवळात न्यायची. इथे झोळी मालकाची, तिथे धूळ कुणाचीच नाही, एवढाच काय तो फरक, तो काही लहान नाही म्हणा.

मोत्यांचंही सांगून टाकते. अर्धे का, तर एका मोत्याचे करवतीने दोन केले की दोन ठिकाणी बसतात आणि सपाट बुडामुळे नीट बसतात. हिशेब. आणि त्या काळात आखातातला मोती बहुतेक मुंबईलाच यायचा, तिथे त्याची प्रतवारी व्हायची, भोकं पाडली जायची, आणि मग पुढे युरोप. लाल खडेही राजस्थानातून जायचे, अजमेरकडे सरवार, टोंककडे राजमहाल, या खाणी गार्नेटसाठी जुन्या. म्हणजे शोकाकुल इंग्रज बाईच्या छातीवर जे बसलं होतं त्यातलं काय काय आपल्या बाजूने गेलेलं असू शकतं. माझ्याच ब्रोचमधलं तिकडचं आहे असं मी छातीठोक म्हणणार नाही. त्यांच्या व्हिक्टोरिया राणीचं मात्र छातीठोक सांगता येतं, पंजाब खालसा केल्यावर पोराच्या वयाच्या दुलीपसिंगाकडून घेतलेला कोहिनूर १८५२ मध्ये घासून १८६ कॅरेटचा १०५ वर आणला आणि बाईसाहेबांनी तो लावला कशात, तर ब्रोचमध्येच.

याच राणीचा नवरा, आल्बर्ट, डिसेंबर १८६१ मध्ये गेला, आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षं, मरेपर्यंत, तिने काळं सोडलं नाही. मग काय, सगळा देश तिच्यामागे. व्हिटबी गावातल्या जेट नावाच्या काळ्या दगडाला, म्हणजे खरं तर दगड झालेल्या लाकडाला, सोन्याचे दिवस आले. विधवेने किती महिने कुठला कापडाचा प्रकार नेसायचा, त्यावर कोणते खडे चालतात, अर्ध्या शोकात जांभळा कधीपासून, याचे नियम असे की आमच्या सोवळ्याओवळ्याला मागे टाकतील. आणि केस. केसांची फॅशन त्याच्या आधीपासूनच होती, पण आता तर धंदाच. ते करतात कसं हे मी शोधून शोधून वाचलं. आधी केस सोड्याच्या पाण्यात उकळायचे म्हणजे तेलकटपणा जातो, मग लांबीप्रमाणे लावायचे, मग पातळ पडद्यावर डिंकाने चिकटवून कापायचे आणि विणायचे, किंवा टेबलावर शिशाची वजनं लावून गोफासारखे गुंफायचे. पण बायकांना एक धास्ती असायची, दुकानदाराला दिलेले केस तोच परत देईल कशावरून, कमी पडले तर दुसऱ्या कुणाचे घालेल, विणल्यावर कोण ओळखणार. म्हणून कित्येकजणी हे काम घरी शिकायच्या. हे वाचलं आणि मला आज्जी आठवली, मुशीसमोरून न उठणारी.

ठुशी मोडली त्या दिवशीची. २००१, माझं लग्न ठरलेलं. मोडायची ठरली कारण ठुशी तेव्हा कुणी घालत नव्हतं (आता परत सगळ्याजणी घालतात, ते वेगळंच दुखणं), आणि मला हवा होता चार लोकांत उठून दिसेल असा सेट. आज्जीचं वय पंच्याऐंशी, तरी ती रिक्षाने आली, सोनारासमोर पाट मागून घेतला आणि बसली. लाखेने भरलेले मणी त्याने आधी तापवून रिकामे केले, तो लाखेचा जळका वास अजून नाकात आहे, मग मुशीत टाकले, टाकणखाराची चिमूट, आणि थोड्या वेळाने ते मणी, रवे, सगळं एक लालबुंद थेंब होऊन गोल गोल फिरायला लागलं. दोन-तीन मिनिटं, बस. आज्जीने डोळा हलवला नाही. थेंब गार झाल्यावर तिने एकच विचारलं, "घट किती धरलीस?" मी तेव्हा तेवीस वर्षांची, मला ते किती रुक्ष वाटलं होतं. आणि घरी आल्यावर आईने सहज सांगितल्यासारखं सांगितलं की ती ठुशी आज्जीची नव्हतीच मुळात. पणजीची होती. १९१८ च्या साथीत पणजोबा गेले, तेव्हा तिच्या गळ्यातून काढलेली.

पणजीचे केस मात्र कुणी ठेवले नाहीत.

ती चोवीस वर्षांची होती. तेराव्याच्या आत मागच्या दाराने न्हावी आला, मग पंधरा दिवसांनी परत, मग आयुष्यभर येत राहिला. लाल आलवण, कपाळावर काही नाही. आईने तिला पाहिलंय, आई लहान असताना तिच्या मांडीवर बसून डोक्यावरून हात फिरवायची, खरखरीत लागायचं आणि पणजी हसायची म्हणे, गुदगुल्या होतात गं म्हणायची. मुंबईत १८९० मध्ये कामगारनेते नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिकांनीच सभा घेऊन ठरवलं होतं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. ज्यांची रोजीरोटी होती त्यांना लाज वाटली आणि आमच्या घरच्या शहाण्यांना त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनीही नाही. ब्रोच हातात घेऊन बसलं की मला हे दोन्ही एकदम दिसतं, साधारण एकाच जमान्यातल्या दोन बायका, एक गेलेल्याचे केस काचेखाली घालून छातीवर मिरवतेय आणि दुसरीचे स्वतःचेच केस परसात पडलेत. आणि गोऱ्यांचं किती छान असं मला अजिबात म्हणायचं नाहीये, कारण ते काळे कपडे, ते नियम, ती चाळीस वर्षं, तोही एक वस्तराच होता. पण तिला काहीतरी ठेवून घेता आलं. हे एवढं मला गिळता येत नाही.

बरं, आपल्याला केस नकोच असतात असंही नाही. अंबाड्यात घालायला गंगावन चालतं. विंचरलेलं गुंतवळ आज्जी भिंतीच्या फटीत खोचून ठेवायची आणि "केसांवर भांडी" ओरडत बाई आली की त्याच्यावर स्टीलची वाटी घ्यायची. तोपर्यंत केस घरात. पण मेलेल्याचे नकोत. जेवणात आला तर ताट बाजूला. नखं, केस, शरीरापासून सुटलं की परकं. आणि सोन्याचं बरोब्बर उलटं, ते कुणाच्याही गळ्यातून सुटून आलं तरी आगीतून निघालं की स्वच्छ, नवं, आपलं. माझ्या सेटमध्ये आज्जीची ठुशी आहे, म्हणजे पणजीची आहे, तिच्याआधी अजून कुणाकुणाचं काय असेल. आहे आणि नाही. सेट उलटा करून कितीही डोळ्याला लावला तरी मागे काही दिसत नाही, गुळगुळीत पॉलिश आणि ९१६ चा शिक्का. आणि हा शिसं लावलेला, १५ कॅरेटचा, मोती पडलेला तुकडा वितळवायच्या लायकीचा कुणाला वाटला नाही, किंवा त्यातले केस बघून कुणाचा हात धजावला नाही, म्हणून राहिला. किती तरी ब्रोच असे राहिले नसतील, सोनं वर गेलं की इथलेही लोक काच फोडून, खडा काढून, केस डस्टबिनमध्ये टाकून वजनावर विकतातच, तेही मला त्या म्हाताऱ्या बाईनेच सांगितलं.

दिवाळीत सगळं सोनं रिठ्याच्या पाण्यात घालून ब्रशने घासायची आमची पद्धत. याला ती चालणार नाही. पाणी आत गेलं की खड्यामागचा पत्रा काळा पडणार आणि काचेखालचे केस बुरसणार. म्हणून नुसता कोरड्या कपड्याने पुसते. टिश्यू पेपर आता लागत नाही. लावलेला मात्र अजून नाही, एकदाही. एकदा ऑफिसला जाताना कोटावर टोचला, लिफ्टच्या आरशात बघितला आणि काढून पर्समध्ये ठेवला. काय सांगणार कुणी विचारलं तर, हे कुणाचे, तुझ्या घरातले?

आणि मग गेल्या शनिवारी आईचा फोन. इकडचं तिकडचं झालं, गुडघे, कामवाली, भाचीचा रिझल्ट, आणि मधेच, काहीच संबंध नसताना, "ते आहे का गं अजून तुझ्याकडे?" आहे म्हटलं. "दाखव बघू. मागून." मी खिडकीत गेले, फोनचा कॅमेरा काचेला लावला, इतका जवळ मी स्वतःही कधी बघितलं नव्हतं. तिने यावेळी चष्मा कपाळावर चढवला, अगदी आज्जीसारखा. "उजेडाकडे धर. हं. हे एकाचे नाहीत." मी म्हटलं म्हणजे? "दोन रंग आहेत ना. एक उभे, एक आडवे. ते उभे तपकिरी, जाड आहेत, मोठ्या माणसाचे. आडवे बघ कसे आहेत, पिवळट, रेशमागत. तान्ह्या पोराचे आहेत ते. जावळ." मी बघतच राहिले. खरंच दोन होते. महिनाभर रोज बघून मला ते दिसलं नव्हतं. जावळच कशावरून, म्हातारं माणूसही असेल पांढऱ्या केसांचं, असं मी म्हटलं, पण तिने मनावर घेतलं नाही, म्हणाली म्हाताऱ्याचा केस असा वळत नाही, ताठ असतो.

मग थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. तिकडे मागे कुणीतरी टीव्ही लावला होता. "तुझं जावळ नरसोबाच्या वाडीला काढलं," ती म्हणाली, "नदीत सोडतात ना. त्यातले थोडे राहिले माझ्याकडे." राहिले म्हणजे? "म्हणजे राहिले. गुलाबी कागदात आहेत, लॉकरच्या पिशवीत, बाबांच्या अंगठीबरोबर. सोडायचे राहून गेले." सत्तेचाळीस वर्षं? विचारलं नाही, फक्त मनात आलं. "ती पिन फार लांब आहे, पदराला लावू नकोस, जुनी सिल्कची साडी फाटेल. कोटालाच लाव. चल, कुकरच्या तीन झाल्या की दोन ते माझ्या लक्षातच नाही."